बाह्य सदस्य

शाइस्ताने तीन कागद टीपॉयवर एकाशेजारी एक मांडले आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मोबाइल, चष्म्याचं घर आणि गाडीची किल्ली ठेवली.

"ही सही तुमचीच ना, मॅडम?"

शैलजाताई बोर्डे यांनी वाकून पाहिलं. पडेगावच्या नर्सिंग कॉलेजमधल्या तक्रार समितीचे ते अहवाल होते. विद्यार्थिनीने छळाची तक्रार केली की ती या समितीपुढे यायची, आणि समितीत संस्थेबाहेरची एक व्यक्ती असावी असा नियम होता. सहा वर्षांपासून ती व्यक्ती म्हणजे शैलजाताई. शहरात पंचवीस वर्षं त्या बायकांसाठी समुपदेशन केंद्र चालवत होत्या. अहवालाखाली त्यांचं नाव असलं की पुढे कुणी काही विचारत नसे.

"माझीच आहे."

"तिन्ही अहवालांचं शेवटचं वाक्य एकच आहे. 'सदर विद्यार्थिनीने गैरसमजूतीतून तक्रार केल्याचे समितीचे मत झाले आहे.' गैरसमजुतीतला जु तिन्हीकडे दीर्घ आहे." शाइस्ता शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होती, वयाने तिशीची. बोलताना ती वहीत बघत नव्हती. "तीन मुली, तीन वर्षं, आणि माणूस एकच, इंद्रजीत सर. तुम्ही तिघींशी बोलला होतात?"

"समितीचं कामकाज गोपनीय असतं."

"मुलींची नावं गोपनीय असतात, मॅडम. तुमचं नाही."

आवाज जराही चढला नव्हता. शैलजाताई चहा टाकते म्हणून उठल्या. आत जाऊन त्यांनी गॅस पेटवला आणि त्यावर काहीच न ठेवता उभ्या राहिल्या.

पहिलीला त्या भेटल्या होत्या. अपेक्षा, पिशोरची. संस्थाचालक आबासाहेबांनी गाडी पाठवली होती, प्राचार्यांच्या खोलीत पोहे आले होते. मुलगी दारापाशी उभी होती, बस म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला बसली. दोन वाक्यं बोलली आणि प्राचार्यांकडे बघून थांबली. शैलजाताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. "बाळा, आधी शिक्षण पूर्ण कर. बाकीचं मनातून काढून टाक." परतताना गाडीत त्यांना समाधान वाटलं होतं, मुलीला धीर दिल्याचं.

उरलेल्या दोघींना त्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

चहा न घेताच शाइस्ता उठली. "मी सगळ्यांनाच विचारते आहे. आबासाहेबांनाही विचारणार आहे. तुम्हाला काही सांगावंसं वाटलं तर हा माझा नंबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी आबासाहेबांचा फोन आला. माजी आमदार, संस्थेचे अध्यक्ष. शैलजाताईंच्या केंद्राची खोली त्यांच्याच इमारतीत होती, पहिल्या दिवसापासून बिनभाड्याची.

"ताई, ती पेपरवाली पोरगी आली होती म्हणं तुमच्याकडं."

"आली होती."

"तिच्या मालकाशी बोललोय मी. बातमी काही येत नाही. तुम्ही बिनघोर राहा. इंद्रजीत माझा जावई, आमच्या सोनियाचा नवरा आहे म्हणून नाही म्हणत. पण शिस्त लावली की पोरी असं काहीबाही लिहितात. तुम्ही जाणत्या आहात. बरं, कडुबाला पाठवतोय एक कागद घेऊन. नेहमीचंच."

कडुबा अर्ध्या तासात आला. कॉलेजचा जुना शिपाई, निवृत्तीला आलेला. त्याने फाइल दिली आणि पायरीवरच उभा राहिला.

दरवेळी फाइलमध्ये सहीचं एकच पान असायचं. या वेळी घाईत कुणीतरी त्यामागे मुलीची मूळ तक्रारही तशीच टाचून ठेवली होती. चार पानं, रेघा आखून लिहिलेली. शैलजाताई वाचत गेल्या. आधी दिवस आणि वार, मग साहित्याच्या खोलीचं दार, मग दाराची कडी, मग त्याचं बोलणं. तिसऱ्या पानावर मुलीने लिहिलं होतं, 'माझ्याअगोदरच्या तीन ताईंची तक्रार खोटी ठरली, बोर्डे मॅडमनी तसं लिहून दिलं, असं सर मला हसून म्हणाले. म्हणून मी सर्व तारखेनिशी लिहीत आहे.'

सहीच्या पानावर तेच वाक्य होतं. जु दीर्घच होता.

"ताई, झाली का?" कडुबाने बाहेरून विचारलं. "दरवेळी मी उभ्या उभ्या घेऊन जायचो. आज लई टाइम लागला."

शैलजाताई बाहेर आल्या. "सही होणार नाही म्हणून सांगा."

"असं तोंडी नाय सांगता यायचं मला." तो गोंधळला. "फाइल तरी द्या."

त्यांनी चारी पानांचे आणि त्या अहवालाचे मोबाइलवर फोटो काढले आणि फाइल त्याच्या हातात दिली. कडुबाने सगळं पाहिलं. जाताना तो पायरी चुकला.

शाइस्ताला फोन केला तेव्हा कळलं की तिने नोकरी सोडली होती. मालकांनी बातमी काढून टाकली होती आणि तिला वेरूळच्या पर्यटनावर पुरवणी करायला सांगितलं होतं. पुण्याचं एक साप्ताहिक छापायला तयार होतं, पण त्यांच्या वकिलाचं म्हणणं होतं की समितीतलं कुणीतरी नावानिशी बोललं पाहिजे. मुलींवर सगळा भार टाकता येणार नाही.

शैलजाताई रिक्षाने तिच्या घरी गेल्या. जिन्यावर चपलांची गर्दी होती, आत शेजारच्या मुलांची शिकवणी चालली होती. शाइस्ताने त्यांना मागच्या खोलीत बसवलं, रेकॉर्डर सुरू केला आणि पाऊण तासात एकदाही त्यांना मध्येच तोडलं नाही. शैलजाताईंनी सगळं सांगितलं, खोलीचं भाडं द्यावं लागत नव्हतं हेही.

"माझं नाव येईल?"

"येईल."

"मी स्वतःहून आले, हेही लिहाल ना?"

शाइस्ताने रेकॉर्डर बंद केला. "जे झालं ते लिहीन, मॅडम."

गुरुवारी अंक आला. शैलजाताईंचं नाव तिसऱ्या परिच्छेदात होतं. 'बोर्डे यांनी तीनपैकी दोन तक्रारी वाचल्याच नव्हत्या. पहिल्या विद्यार्थिनीला त्या अंदाजे दहा मिनिटे भेटल्या. त्यानंतर तिने शिक्षण सोडले.' ही माहिती त्यांनी स्वतः दिली, एवढं एक वाक्य शेवटी शेवटी होतं. त्यांनी लेख तीनदा वाचला. दुरुस्त करावं असं त्यात काही सापडलं नाही.

दोन दिवस त्या फोनजवळ बसल्या. कुणीतरी म्हणेल, धीर दाखवलात. महिला मंडळातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "तू न वाचता सही केलीस?" आणि उत्तर ऐकून घेऊन फोन ठेवला.

चौथ्या मुलीच्या तक्रारीवरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला. इंद्रजीतला अटक झाली आणि नवव्या दिवशी तो जामिनावर सुटला. संस्थेने निवेदन काढलं. समिती स्वतंत्र होती, बाह्य सदस्यांच्या निष्काळजीपणामुळे संस्थेची दिशाभूल झाली, अध्यक्षांना तीव्र दुःख झाले आहे. केंद्राच्या खोलीला नवं कुलूप लागलं. शाइस्ताच्या जुन्या दैनिकात चौथ्या पानावर फोटो आला. आबासाहेब नव्या समितीच्या नव्या बाह्य सदस्या, एका निवृत्त मुख्याध्यापिकेला, पुष्पगुच्छ देत होते.

शाइस्ता मात्र थांबली नव्हती. तक्रारी आल्याचं आबासाहेबांना पहिल्या वर्षीच कळलं होतं, असं दाखवणारी त्यांच्या सहीची पत्रं तिने पुढच्या अंकात छापली. त्यावर निवेदन आलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी एक बाई दारात उभी राहिली. पन्नाशीची, पायात प्लॅस्टिकच्या चपला, हातात ते साप्ताहिक घडी घालून.

"बोर्डे बाई तुमीच का?"

"हो. या ना, बसा."

"मी आवडाबाई. पिशोरची. अपेक्षाची आई."

शैलजाताईंनी दाराची चौकट धरली. मग पाणी आणलं. आवडाबाईंनी पेला घेतला आणि न पिता खाली फरशीवर ठेवला.

"ह्याच्यात छापलंय ते खरं व्हय? तुमी पोरीचं ऐकूनच घेतलं नाय?"

"खरं आहे."

आवडाबाई बोलल्या तेव्हा आवाज साधाच होता, बाजारात भाव सांगावा तसा.

"मला वाचता येत नाय. कॉलेजातून कागद आला तवा तिलाच म्हणलं, वाच. तिनं वाचला. पोरीनं गैरसमजातून केलं म्हून. खाली कुणाची सही हाय इचारलं, तिनं तुमचं नाव वाचलं. तुमी एकदा गावात आल्ता भाषणाला. म्या म्हणलं, एवढी मोठी बाई खोटं कशाला लिव्हील." त्यांनी साप्ताहिकाची घडी आणखी बारीक केली. "लई मारलं मी तिला. महिन्याच्या आत लगीन लावून दिलं. वेरूळला असती. दोन वर्षं झाली, माहेरी येत नाय. फोन केला तर जावई उचलतो."

"माझं चुकलं, आवडाबाई."

"व्हय."

बाहेर भाजीवाल्याची हाक जवळ येऊन लांब गेली.

"त्या पेपरवाल्या बाईला तिनं सगळं सांगितलं म्हणं. छापलंय थोडंच. मला समदं ऐकायचंय. तवा ऐकलं नाय मी."

"ती मला बोलली होती. म्हणजे, जेवढं मला..."

"तुमी कुठं ऐकलं व्हतं?"

शैलजाताई उठल्या. "मी तुमच्यासोबत येते शाइस्ताकडे. घर दाखवते."

"तुमी नगं. पत्ता द्या."

त्यांनी वहीचं पान फाडून त्यावर पत्ता लिहिला, गल्ली, जिना, खूण, खाली फोन नंबर. अक्षर मुद्दाम मोठं काढलं. आवडाबाईंनी कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पदराच्या टोकात बांधून निघाल्या.

शैलजाताई गॅलरीत आल्या. खाली फाटकापाशी रिक्षा उभी होती. आवडाबाई आत बसल्या नाहीत. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि कागद रिक्षावाल्यापुढे धरला.

"दादा, काय लिव्हलंय ते वाचून दाव."

रिक्षावाल्याने पत्ता वाचला. आवडाबाईंनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला आणि मगच आत बसल्या.