दोनशे पंधरा

दत्तोपंतांनी मल्हारच्या हातातला खडू काढून घेतला आणि त्याने फळ्यावर लिहिलेलं २१७ डस्टरच्या एका फटक्यात पुसून टाकलं. त्या जागी २१५ लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या. दुसरी ओढताना खडू मोडला.

"बस खाली," ते म्हणाले.

मल्हार बसला नाही. तो उद्धट नव्हता. डोक्यातलं काही अर्धवट राहिलं की त्याला बसायचं सुचतच नसे. अंथुर्ण्याहून रोज एसटीने बारामतीला यायचा, तंत्रनिकेतनात संगणकाच्या शेवटच्या वर्षाला होता. आबाजींनी, त्याच्या वडिलांनी, गेल्या वर्षीच मेंढरं विकून थोडी जमीन कसायला घेतली होती. घराण्यात कळपामागे न गेलेला हा पहिलाच.

प्रश्न तसा साधा होता. संगणक आपल्या स्मृतीतल्या घरांमधून एकेक हुकूम उचलतो आणि पाळतो. कुठल्या घरातून उचलायचा, तो पत्ता एका छोट्या कप्प्यात असतो. त्याला प्रोग्राम काउंटर म्हणतात. दोनशे नंबरच्या घरात हुकूम आहे : काउंटरपासून पंधरा घरं पुढे उडी मार. या हुकमाने दोन घरं अडवली आहेत. उडी कुठे पडेल? दत्तोपंत म्हणत होते, चालू हुकूम दोनशेला आहे, म्हणून दोनशे पंधराला. मल्हार म्हणत होता, हुकूम उचलला की काउंटर थांबत नाही, तो पुढच्या घरावर, दोनशे दोनवर, गेलेला असतो. उडी तिथून मोजायची.

"सर, आमच्यात बघा," मल्हार म्हणाला, "समदं बिऱ्हाड घोड्यावर असतंय. मेंढरं हितं चरत असली तरी आई घोडं घिऊन म्होरल्या मुक्कामाला गेलेली असती. आन् कुणी म्हणलं, तुज्या आईपास्नं पंधरा कोसावर ये, तर मेंढरापास्नं मोजून कसं चालंल?"

मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. उदाहरण सगळ्यांना पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर दत्तोपंतांनाही पटलं होतं. म्हणूनच ते भडकले.

"हा वर्ग आहे का मेंढवाडा?" ते म्हणाले. "तुला बिऱ्हाड हलवायचं असेल तर खुशाल हलव. घोडं बाहेर बांधलंयस ना?"

वर्ग खदखदून हसला. मल्हारही थोडा हसला, कारण न हसून करतो काय. मग बसला.

"वह्या काढा. दोनशे अधिक पंधरा, दोनशे पंधरा. पेपरात हेच लिहायचं. ज्याला जास्त शहाणपण असेल त्याने ते तपासनिसाला दाखवावं आणि आपले मार्क घालवावेत."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मल्हारनेही घेतलं.

दत्तोपंतांनी सव्वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं. संगणकाची शाखा आली तेव्हा हा विषय घ्यायला कुणी मिळेना. प्राचार्यांनी त्यांना पंधरा दिवसांच्या कोर्सला पाठवलं आणि परत आल्यावर विषय गळ्यात मारला. तेव्हापासून ते मुलांच्या एक धडा पुढे राहून शिकवत होते. संगणकाच्या खोलीत चपला काढून शिरायची त्यांना भीती वाटायची. हे त्यांनी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच महिन्यात सूचनाफलकावर पुण्याच्या एका कंपनीचं पत्र लागलं. संगणक जोडणारी कंपनी. या विषयात बोर्डाच्या परीक्षेत कॉलेजात पहिला येईल त्याला, एकाच मुलाला, नोकरी मिळणार होती. पत्र वाचून मुलं सरळ म्हणाली की ही जागा मल्हारची. दत्तोपंतांचा मुलगा मोहित त्याच वर्गात होता. तोही तेच म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत दत्तोपंत पुण्याला बहिणीकडे गेले. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात उभ्या उभ्या जाडजूड पुस्तक चाळताना ते उदाहरण समोर आलं. तेच आकडे. कोर्सच्या टिपणांत कुणीतरी ते इथूनच उतरवलं होतं आणि उत्तरात घोटाळा केला होता. पुस्तकात कप्प्याचं चित्र काढून आत स्पष्ट छापलं होतं : २०२. उत्तर, २१७. दत्तोपंतांनी पान दोनदा वाचलं. दुकानदाराने "बांधू का?" विचारलं तेव्हा ते दचकले.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं. एसटीत वाक्यही जुळवलं : त्या दिवशी मल्हारचं बरोबर होतं. पाच शब्द. वर्गात शिरले, हजेरी घेतली, खडू उचलला. मल्हार दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्या दिवसानंतर त्याने एकदाही हात वर केला नव्हता. दत्तोपंतांनी वर्गाकडे पाहिलं आणि त्यांना ते खदखदून हसणं आठवलं. आता तेच आपल्या वाट्याला येईल असं वाटलं. त्यांनी फळ्यावर पुढच्या धड्याचं नाव लिहिलं.

त्या रविवारी दुपारी मोहित ओट्यावर बसून उदाहरणं सोडवत होता. दत्तोपंत मागे उभे राहिले.

"ते दोनशे सतरा कर."

"पण तुम्हीच तर वर्गात—"

"कर म्हटलं ना. काउंटर पुढे गेलेला असतो."

मोहितने खोडलं आणि २१७ लिहिलं. शेजारी अनसूयाबाई मेथी निवडत होत्या. त्यांना काउंटर कळत नव्हता, पण नवरा कळत होता.

"अहो, मग वर्गात सांगितलंत का?"

"सांगेन."

आठ दिवसांनी त्यांनी परत विचारलं. दत्तोपंत म्हणाले, "पोर्शन मागे पडलाय. बघतो." संक्रांतीच्या सुमारास तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते चिडले.

"सारखं काय तेच? त्या मल्हारला ठाऊक आहे बरोबर काय ते. तो तेच लिहील."

"तुम्ही त्याला दुसरं लिहायला सांगितलंय ना?"

दत्तोपंतांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. अनसूयाबाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही.

आपण मोहितसाठी म्हणून हे केलं नाही, असं दत्तोपंत स्वतःला बजावत राहिले. ते खरंही होतं. त्यांनी फक्त एका मुलाला सांगितलं होतं आणि बाकीच्या एकतीस जणांना सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं, हे शब्द त्यांना फार सोयीचे पडले. मे महिन्यात बोर्डाचा पेपर झाला. तो काढणाऱ्याने आकडे बदलायचेही कष्ट घेतले नव्हते. प्रश्न आठ मार्कांना होता. त्या दिवशी दत्तोपंत कॉलेजच्या मागच्या दाराने घरी गेले, कारण पुढच्या दारात मुलं उत्तरं ताडून बघत उभी होती.

निकाल लागला. विषयात मोहित पहिला, मल्हार दुसरा. फरक सहा मार्कांचा.

चार दिवसांनी आबाजी मल्हारला घेऊन घरी आले. पटका, धुतलेलं धोतर, काखेत नवंकोरं घोंगडं. ते खुर्चीवर बसेनात. दत्तोपंतांनी दोनदा सांगितलं तेव्हा अगदी कडेवर टेकले. मल्हार दाराला टेकून उभा राहिला. आबाजींनी घोंगडं दत्तोपंतांच्या मांडीवर ठेवलं.

"आमच्याच लोकरीचं हाय. कळप इकायच्या आदी शेवटची कातरली ती. पोरगं पास झालं की सरांना द्यायाचं, असं ठरवलं हुतं."

"अहो, हे कशाला, आबाजीराव?"

"कशाला म्हंजी? तुमी हुता म्हणून ह्यो हितवर आला. न्हायतर माज्यावानी रानोमाळ हिंडला असता." आबाजी मुलाकडे बघून हसले. "पयला आला असता तर लई बरं झालं असतं. पर आपल्या मोहितदादांनी नंबर काडला, घरातलंच हाय की. ह्याला आता कारखान्यावर काट्याला चिकटवतो. उसाच्या गाड्या मोजंल. मेंढरं तर आता न्हाईत."

"बघू... पुढे काहीतरी निघेल," दत्तोपंत म्हणाले. घोंगडं जड होतं आणि मांडीला टोचत होतं. ते खाली ठेवावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"मी ह्याला एकच बजावलं हुतं सर. पेपरच्या दिशी सकाळी इच्यारत हुता, आबा, एका ठिकाणी मला निराळं वाटतंय, काय करू? म्हणलं, तुला काय वाटतंय त्ये ऱ्हाऊ दी. सरांच्या शब्दाभायेर जायाचं न्हाय."

दत्तोपंतांनी मान हलवली. ती का हलवली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात मोहित बाहेरून आला. पुण्याला जायचं म्हणून नवी बॅग आणली होती. मल्हारला बघून त्याला मनापासून आनंद झाला.

"अरे, कधी आलास? तू कुठे मार्क घालवलेस ते मला अजून कळत नाहीये. तो आठ मार्कांचा तर तुझा हक्काचा होता. दोनशे सतरा ना?"

"दोनशे पंधरा लिवलं," मल्हार म्हणाला.

"पंधरा? पण बाबांनी तर नंतर—"

मोहित थांबला. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. त्याने बॅग उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

मल्हारने दत्तोपंतांकडे पाहिलं. सरळ, बराच वेळ. सर आता बोलतील, असं वाटून बहुधा तो थांबला होता. दत्तोपंत घोंगड्याच्या काठाच्या दशा सरळ करत होते.

"काय वो, काय झालं?" आबाजींनी विचारलं. ते एकदा या पोराकडे, एकदा त्या पोराकडे बघत होते. "पंधरा काय, सतरा काय?"

अनसूयाबाई ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या. त्या पुढे आल्या नाहीत.

"काय न्हाय, आबा," शेवटी मल्हार म्हणाला. "सरांनी दोनशे सतराच सांगितलं हुतं. मी वहीत उतरवताना चुकलो."

आबाजींचा चेहरा उतरला. मग तापला.

"चुकलो? सर घसा फोडून सांगत्यात आन् तुजं ध्यान कुठं हुतं रं? एवड्यासाटी नंबर घालवलास?" त्यांनी उठून दत्तोपंतांपुढे हात जोडले. "सर, पदरात घ्या. तुमी सांगायचं काय बाकी ठिवलं न्हाय. पोराचंच चुकलं. तुमचं नाव खाली केलं त्यानं." मग मुलाच्या पाठीत हात घालून त्याला पुढे ढकललं. "पाया पड. माफी माग सरांची."

मल्हार वाकला. त्याची उन्हाने रापलेली मान दत्तोपंतांच्या गुडघ्याशी आली.

"अहो," अनसूयाबाई म्हणाल्या. एवढंच. पण दत्तोपंतांना ते नीट ऐकू आलं आणि कळलंही. ते पाच शब्द अजून सांगता आले असते; ऐकायला या वेळी वर्ग नव्हता, चारच माणसं होती. आबाजी हात जोडून, आशेने, त्यांच्याकडे बघत होते.

"असू द्या, आबाजीराव," ते म्हणाले. "पोरांचं होतं असं."

आणि तेवढ्यावर थांबणं बरं दिसेना म्हणून वर्गातल्या आवाजात पुढे म्हणाले, "यापुढे लक्ष देत जा, मल्हार."

"व्हय, सर," मल्हार म्हणाला.