सातवा रविवार

सन २०१५, एप्रिलची चार तारीख, शनिवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. गाडीत माणसे दोन. एक वीजखात्यातून निवृत्त झालेला फोरमन आणि दुसरी त्याची परिचारिका लेक. वीस मे रोजी ती नोकरीसाठी कायमची परदेशी जाणार होती. तोवर दर शनिवार-रविवारी आपला मुलूख पाहून घ्यायचा, हा तिचा हट्ट.

"सगळा बघायचा, बाबा. एकही गाव सोडायचं नाही."

या 'सगळ्या'त काय दडले आहे, हे न कळायला फोरमन दूधखुळा नव्हता. लेक चार वर्षांची असताना त्याने बायकोला घराबाहेर काढले होते आणि पोरीला सांगितले होते, आई तुला टाकून गेली. नदीपलीकडच्या गावात ती बाई कपडे शिवून पोट भरत होती. वीस वर्षे त्याने तिला पोरीच्या वाऱ्यालाही उभे राहू दिले नव्हते. आताही त्याने धरण दाखवले, किल्ला दाखवला, मिठागरे दाखवली. त्या गावाला मात्र दर वेळी वळसा घातला. रस्ता खराब, पूल बंद, गाडी तापते. सबबींना तोटा नव्हता.

सहाव्या रविवारी परतताना लेकीने आडपडदा दूर केला. "बाबा, मला आईला एकदा बघायचंय. भांडायला नाही. नुसतं बघायचं."

"मग इतके दिवस पेट्रोल कशाला जाळलंस माझं?" तो हसला. "पुढच्या रविवारी, दहा वाजता. तिच्या दारात नेऊन उभी करतो."

नाही म्हटले असते तर पोरगी एकटी गेली असती. जिन्यातल्या दिव्याची वायरिंग फोरमनने जन्मभर केली होती: खाली एक बटण, वर एक. दोन्हीकडून एकदम दाबले, की विझलेला दिवा विझलेलाच राहतो. त्याने शिवणवालीला फोन लावला.

"रविवारी दहाला पोरगी येतेय. घरी नको, बुजेल ती. स्टेशनवर थांब. उशीर झाला तरी हलू नकोस. आणि गावभर दवंडी पिटू नकोस."

पलीकडून बाई म्हणाली, "उपकार झाले हो तुमचे."

रविवारी दहा वाजता दाराला कुलूप होते. शेजारीण भाजी निवडत बसली होती.

"मावशी ना? सकाळीच गेल्या, नटूनथटून. कुठे विचारलं तर नुसत्या हसल्या."

लेक पायरीवर बसली.

"थांबू की," फोरमन म्हणाला. "तुला हवं तितका वेळ."

एक वाजता ती उठली. आपला नंबर लिहिलेला कागद तिने दाराच्या फटीशी नेला आणि बापाकडे पाहिले.

"सरकव की," तो मायेने म्हणाला. "वीस वर्षांत शोधलं नाही तिनं. आता शोधेल."

लेकीने कागद चुरगाळून पर्समध्ये कोंबला. गाडीत तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकले. "तुम्ही खरंच सांगत होतात, बाबा."

संध्याकाळी, लेक आत सामान भरत असताना, शिवणवालीचा फोन आला. "अहो, मी चारपर्यंत थांबले. गाडी चुकली का तिची?"

"आली होती," फोरमन हलक्या आवाजात म्हणाला. "लांबूनच बघितलं तिनं तुला. म्हणाली, बाबा, परत चला."

मुलूख पाहून झाला. गावे बावीस, भेटी शून्य.