शेळीचा भाव

सुकन्याची चापट वैष्णवीच्या पाठीत बसली, तेव्हा कुमार शेळीच्या गळ्यात दावं अडकवत होता. पोरीनं रिबीन मागितली होती, एवढंच. पाच वर्षांची पोर, पण रडली नाही. मान आत ओढून नुसती उभी राहिली.

"पोरीवर हात टाकू नगंस म्हणून किती येळा सांगू?" कुमार म्हणाला.

हे सांगायचा आपल्याला हक्क आहे, असं त्याला मनापासून वाटे. त्याच्या बापानं, ज्ञानबानं, त्याला लहानपणी चाबकानं फोडून काढलं होतं. आपल्या लेकराला बोट लावायचं नाही, ही खूणगाठ कुमारनं तेव्हाच बांधली आणि पाळलीही. बायकोवरही त्यानं कधी हात उगारला नव्हता. वाडीत असे नवरे कितीसे, असा विचार तो अधूनमधून करी आणि स्वतःवर खूश होई.

एक गोष्ट मात्र या विचारात कधी येत नसे. चापटीच्या जरा आधी सुकन्या म्हणाली होती की शेळी तिच्या माहेरची आहे, करडू अजून अंगावर पितंय, विकायला थोडं थांबावं. कुमारला मोटारसायकलला नवे टायर टाकायचे होते. चार माणसांदेखत तो तिला म्हणाला होता, "तुला काय कळतंय?" सुकन्या गप्प झाली. आणि नेमकी तेव्हाच पोरीनं रिबीन मागितली.

सांगोल्याच्या बाजाराला निघालेल्या टेम्पोत तिघं दाटीवाटीनं बसली. शेळी पायाशी आणि करडू वैष्णवीच्या मांडीवर. पोर निघाल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. अंगणवाडीच्या महानंदाबाईंनी मागेच सांगितलं होतं, की बाकीची मुलं गाणी म्हणतात, रंग ओळखतात, ही भिंतीला टेकून बसते. घरी काही होतं का, असंही त्यांनी विचारलं होतं. आपण तर पोरीला बोटही लावत नाही, असं कुमारनं तेव्हा छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

खड्ड्यात टेम्पो आदळला. करडू बिचकून धडपडायला लागलं. वैष्णवीनं त्याच्या पाठीत चापट ठेवून दिली.

"तुला काय कळतंय?" ती म्हणाली.

चापट हुबेहूब आईची होती. शब्द मात्र कुमारचे होते, आणि ते म्हणायचा हेलही त्याचाच. त्यानं सुकन्याकडे पाहिलं, तर ती बाहेर बघत होती. कुमारला लाज वाटली. आपण हात न लावताही पोरीला काय काय देत आलो, हे त्याला त्या खडखडाटात एकदम उमगलं. पुढचा रस्ता तो मान खाली घालून बसला.

पीरसाब बाजारातले जुने व्यापारी. त्यांनी शेळीचे दात पाहिले, कास चाचपली आणि खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही, ही इथली रीत. कुमारनं हात आत घातला, पीरसाबांनी बोटं दाबली. भाव चांगला होता. नवे टायर कुमारच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

"थांबा चाचा," तो म्हणाला. "शेळी तिची हाय. तिला इचारतो."

"तिचा हात मी कसा धरू, बाबा?"

"माजाच धरा की."

उजवा हात रुमालात ठेवून त्यानं डावा हात सुकन्याच्या पदराखाली घातला. पीरसाब जी बोटं दाबतील ती तो तिकडे दाबू लागला. सुकन्या कावरीबावरी झाली. तिचा हात घामेजला होता. भोवती बघे जमले. बायकोनं दलाल ठेवलाय वाटतं, असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. एरवी त्यानं एवढ्यावरून आठवडाभर घर डोक्यावर घेतलं असतं. आज नुसते कान तापले.

मग सुकन्याच्या बोटांनी उत्तर दिलं. कुमारनं ते रुमालाखाली पोचवलं. पीरसाबांनी थोडं वाढवलं. तिनं पुन्हा तेवढीच बोटं दाबली. वैष्णवी पदर उचलून आत डोकावली, आणि तिला कुणी हटकलं नाही.

शेवटी सुकन्यानं हात काढून घेतला.

"न्हाय द्यायची," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "करडाचं दूध तुटल्यावर बगू."

मालकीण पक्की आहे म्हणत पीरसाबांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. कुमारनं शेळीचं दावं सुकन्याच्या हातात दिलं.

परतताना त्याला टायरचं वाईट वाटत होतं. खोटं कशाला सांगा. सुकन्यानं बाजारातून घेतलेली रिबीन वैष्णवीच्या केसांत बांधली होती. तेवढ्यात टेम्पो पुन्हा आदळला, करडू मांडीवरून उठायला बघू लागलं आणि वैष्णवीचा हात वर गेला. कुमारनं पाहिलं. सुकन्यानंही पाहिलं.

हात जरा वेळ तसाच वर राहिला. मग पोरीनं फ्रॉकचा घेर करडाच्या पायावर ओढला, आत हात घालून त्याचा खूर धरला आणि त्याच्या कानाशी वाकली.

"बसतंस का उबं ऱ्हातंस? तूच सांग."