काकूंची मापं

नववीच्या सहलीत तलावात होडी उलटली, तेव्हा बारकी आणि तिची जिवलग मैत्रीण एकमेकींना खेटून बसल्या होत्या. बारकीला कुणीतरी केसांना धरून वर ओढलं. मैत्रीण दुसऱ्या दिवशी सापडली.

मैत्रिणीची आई शिवणकाम करायची. पुढच्या वर्षी लेकीचा वाढदिवस जवळ आला तसं काकूंनी बारकीला बोलावून घेतलं आणि पाठीला टेप लावली. "तुम्ही दोघी एकाच मापाच्या होतात," एवढंच म्हणाल्या. त्या वर्षी फ्रॉक झाला, मग दर वर्षी काही ना काही. रंग मैत्रिणीच्या आवडीचे. टेप फिरवताना काकू पुटपुटायच्या, "आता ती खांद्यात भरली असती." बारकी श्वास रोखून उभी राहायची. ते कपडे घातले की आरशात बघायचं ती टाळायची.

"घटकाभर उभं राहायला तुझं काय जातं?" आई म्हणायची. "त्या बाईचं तेवढंच समाधान."

शाळा संपल्यावर बारकी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करू लागली. त्या वर्षीही बोलावणं आलं. काकूंनी कमरेचं माप घेतलं आणि कपाळाला आठी घातली.

"सुटलीस गं. ती अशी सुटली नसती."

बारकीने टेप हळूच बाजूला केली. "काकू, मी वाढणारच ना."

"वाचलीस म्हणून वाढतेस."

"हो, वाचले. पण त्यात माझा काय गुन्हा?"

काकूंनी पाठ फिरवली. मशीनवर कापड नव्हतं, तरी त्या पाय मारत राहिल्या.

घरी आईने बारकीला फैलावर घेतलं. एरवी कशातच न पडणारे बाबा म्हणाले, "पुरे. आपली पोर परत आली याची आपल्यालाच लाज वाटायला लागली होती." आई उठून आत गेली.

बऱ्याच महिन्यांनी काकू दुकानात आल्या. सुईत दोरा ओवता येईना म्हणाल्या. बारकी त्यांच्या नाकावर फ्रेम नीट बसवत होती, तेव्हा त्यांनी विचारलं, "शेवटी काही बोलली का गं ती?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"हसत होती. हात पाण्यात सोडला म्हणून बाई ओरडल्या, तर आणखीनच हसली. पुढचं मला आठवत नाही, काकू. खरंच नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

खरं मानावं की नाही, अशा नजरेने काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा घेऊन गेल्या.

पुढच्या वाढदिवसाला बोलावणं आलं नाही. सकाळी बारकीला सुटल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत मात्र तिचं कशात लक्ष लागेना. मालकिणीला सांगून ती लवकर निघाली आणि काकूंचं दार वाजवलं.

"काय गं?" काकूंचे डोळे सुजले होते.

"काही नाही. बसायला आले."

काकू दारातच थोडा वेळ थांबल्या. मग आत गेल्या आणि खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून खाली ठेवला.