रुमालाबाहेरची बट

मी एक जुने भित्तिपत्रक आहे, मित्रांनो, आणि लोक मला पाहून हसतात. हसावे म्हणूनच मला काढले होते, तेव्हा त्याचे वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. पण हसवण्याच्या नादात माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. ती तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म इंग्लंडमधल्या कीथली गावातल्या एका कारखान्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या हिवाळ्यात झाला. पुरुष लढाईवर गेले होते. त्यांच्या जागी विमानांचे सुटे भाग करायला बायका आल्या होत्या, कोणी लोकरीच्या गिरणीतून, कोणी टोप्यांच्या दुकानातून. यंत्रात केस अडकू नयेत म्हणून डोक्याला घट्ट रुमाल बांधायचा, असा नियम होता. रुमाल त्या बांधत, पण कपाळावर एक बट मुद्दाम बाहेर सोडत. शनिवारी नगरभवनात नाच असे, आणि आठवडाभर झाकलेल्या केसांचे निदान एवढे तरी दर्शन घडायला हवे. रेशनची चिमूटभर साखर पाण्यात विरघळवून त्या ती बट बसवीत आणि चहा बिनसाखरेचा पीत.

सांगून सांगून मुकादम मिस्टर बॅरक्लो यांचा घसा बसला. शेवटी त्यांनी यंत्रांचे नकाशे काढणाऱ्या विल्फ हेब्डनला कामाला लावले. विल्फने मला काढले. गोबऱ्या गालांची एक मुलगी, तिची बट ड्रिलच्या टोकाला गुंडाळलेली, आणि ड्रिल लाडीगोडीने विचारतेय, "बाईसाहेब, पुढचा नाच माझ्याबरोबर?" मला हजेरीच्या घड्याळाशेजारी टांगले.

"अगं, ही तर आपली एडना," आयव्ही म्हणाली. एडना सग्डेन सात नंबरच्या ड्रिलवर होती, आयव्ही आठ नंबरच्या. विल्फने खरोखरच एडनाला पाहून मला काढले होते.

"माझं नाक एवढं मोठं नाहीये," एडना म्हणाली.

"नाकाचं काय घेऊन बसलीस, बट बघ. अशी बट मला जमली तर नवरा लढाई सोडून घरी येईल."

इथेच सगळे बिनसले. विल्फने बट फारच सुंदर काढली होती. ज्यांनी कधी बट सोडली नव्हती, त्याही पुढच्या सोमवारी ती सोडून आल्या. मी रागावण्यासाठी होते आणि बायकांनी मला नटण्याचा धडा मानले. खरे सांगते, मी तेव्हा फुशारून गेले होते.

मार्चमधल्या एका गुरुवारी, भोक नीट पडते आहे का हे बघायला एडना खाली वाकली आणि तिची बट ड्रिलने ओढली. आयव्हीने झडप घालून बटण बंद केले म्हणून जीव वाचला. पण तळहाताएवढी कातडी केसांसकट निघून आली. मी समोरच होते. माझ्यातली मुलगी हसतच होती आणि मला ते थांबवता येत नव्हते.

सात आठवड्यांनी एडना परत आली.

"पोरी, तू आता कँटीनमध्ये जा," मिस्टर बॅरक्लो हळू आवाजात म्हणाले. "बटाटे सोलायला माणूस हवंय."

"मला माझं ड्रिल हवंय."

"वरचे साहेब म्हणतात, बायकांना यंत्रावर घेतलं हेच चुकलं. तुझंच उदाहरण देतात. तुला बसवलं आणि पुन्हा कुणाचे केस गेले, तर सगळ्यांनाच काढतील."

"मग कुणाचे जाणार नाहीत. महिनाभर बघा, मिस्टर बॅरक्लो. नाहीतर बटाटे आहेतच."

सोमवारी सकाळी बायका हजेरीला आल्या, तर एडना माझ्याखाली उभी. तिने डोक्यावरचा रुमाल सोडला. तिथे लाल, गुळगुळीत, उघडी जागा होती. कुणी हसले नाही.

"या चित्राला मीही हसले होते," ती म्हणाली. "नाकावरून भांडले होते. आता हे बघा, बट आत घ्या आणि मग हजेरीचं कार्ड टाका."

बोलताना तिची मान ताठ होती. मला तिचा फार अभिमान वाटला आणि माझी लाज वाटली. एकेक बट आत गेली. शेवटी आयव्ही आली. तिला रडू आवरेना, तेव्हा तिचे केस एडनानेच बोटाने आत सारले.

"आता चहात साखर घाल बाई," ती म्हणाली. "चार महिने कडू चहा पितेस."

महिना संपला. एडनाला सात नंबरचे ड्रिल परत मिळाले. तरी युद्ध संपेपर्यंत दर सोमवारी ती माझ्याखाली उभी राहून रुमाल सोडत राहिली, कारण नव्या मुली येत आणि मला पाहून हसत. त्यानंतर कुणाचीही बट गेली नाही.

पुरुष परतले तसा बायकांना एका शुक्रवारी निरोप मिळाला. एडनाने ड्रिल तेल लावून पुसले आणि ती गेली. मी आधी भिंतीवर, मग कपाटात, मग जुन्या बाजारात पडून राहिले. आता हॅलिफॅक्समधल्या एका चहाच्या दुकानात चौकटीत आहे. खाली पाटी आहे, 'युद्धकाळातल्या गमती'. लोक केक खात माझे फोटो काढतात आणि म्हणतात, "किती मजेत होत्या नाही या बायका?" होत्याच मजेत, ते खोटे नाही.

पण मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. उन्हाने रंग उडाले तरी माझी तक्रार नाही. फक्त ती पाटी काढा आणि तिच्या जागी एवढेच लिहा: या चित्राखाली दर सोमवारी सकाळी एडना सग्डेन उभी राहत असे.