फोयेची साल

मी फोये जातीचा एक जुना वृक्ष आहे, चिलीच्या दक्षिण भागात दलदलीच्या काठावर उभा असलेला. मित्रांनो, झाडं शांत असतात असं तुम्हाला वाटतं ना? साफ खोटं आहे. आमचं कुळ डायनासोरच्या काळापासून फुलतं आहे. माझ्या लाकडात पाणी चढवायच्या मोठ्या नळ्याही नाहीत. ती सोय नंतरच्या झाडांनी केली. आमच्या नशिबी मात्र अळ्या, किडे आणि बुरशी कायमचीच. त्यांच्याशी लढता लढता आम्ही पानात आणि सालीत जहाल तिखट रस साठवला. आमच्या पानावर आजवर किती किडे तडफडून मेले, त्याची गणतीच नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

हाच रस माणसांच्या उपयोगी पडला. सालीच्या काढ्याने चिघळलेली जखम धुतली की ती सुकते. पानं चघळली की हिरड्यांतून येणारं रक्त थांबतं. इथल्या मूळच्या मापुचे लोकांचं औषधपाणी करणारी वैदू, म्हणजे त्यांची माची, किंतुराय मला नेहमी विचारून साल काढायची, तीही एकाच बाजूची, तळहाताएवढी.

मग एका वर्षी मापुचेंची जमीन घ्यायला सरकारचं सैन्य आलं. पलीकडची घरं जळाली आणि किंतुरायचा धाकटा भाऊ लिएनलाफ मांडीत गोळी घेऊन परतला. सैन्य नदीपाशी पोचलं तेव्हा तिने माझी मोठी फांदी तोडून वडिलांच्या, वेन्चुलेओच्या हातात दिली. फोयेची फांदी घेऊन येणाऱ्यावर मापुचे हत्यार उचलत नाहीत.

"ताई, ते काय मापुचे आहेत?" लिएनलाफ ओरडला. "बाबांना पाठवू नकोस!"

"गप रे! फांदी बघून कोणी मारतं का?"

"अगं, त्यांना ती सरपण वाटेल, सरपण!"

"पोरा, मांडीत गोळी शिरली तुझ्या, जीभ मात्र अजून धावतेय," म्हातारा हसला आणि निघाला.

वीस पावलांवर त्याला गोळ्या घातल्या. एका शिपायाने त्याच्या हातातली फांदी ओढून घोड्यापुढे टाकली. घोड्याने एक पान चावलं आणि फुरफुरत मागे सरला. निदान त्याला तरी मी कोण ते कळलं.

पंधरा दिवसांनी गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचाच पाय भाल्याच्या जखमेने सडू लागला. शिपायांनी लिएनलाफच्या कपाळावर बंदूक टेकवली आणि किंतुरायला दम भरला, "साहेब मेले, तर हाही मेला!"

ती माझ्यापाशी आली. "म्हाताऱ्या, बाबांसाठी फांदी मागितली, दिलीस. आता त्यांना मारणाऱ्यासाठी साल मागतेय. थुंक माझ्यावर, पण दे."

मला द्यायची नव्हती. जन्मात पहिल्यांदा वाटलं, माझ्या रसाने त्या माणसाचं रक्तच नासावं. पण लिएनलाफ विशीतला होता. तिने सुरी लावली आणि मी साल सोडली.

अधिकारी उठून चालू लागला. लिएनलाफ सुटला, लंगडत का होईना घरी आला. जाताना अधिकाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "इतकं गुणाचं झाड! सगळी साल काढून घ्या."

शिपायांनी मला बुंध्याभोवती पुरतं सोललं. किंतुराय मधे पडली, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने तिचे दात पाडले. चहूबाजूंनी सोललेलं झाड जगत नाही, मित्रांनो. वर पानं अजून हिरवी आहेत, पण खाली मुळं उपाशी मरताहेत.

ज्याने तुम्हाला बरं केलं, त्याला ओरबाडू नका. विचारून घ्या, आणि तो उद्याही जगेल एवढंच घ्या.

किंतुराय रोज येते. तिच्या फुटलेल्या हिरड्यांतून अजून रक्त येतं. माझ्या खालच्या फांदीवर पानं आहेत, तिच्या हाताला सहज लागतील अशी. मी वाट पाहतो. पण तिची आता मागायची हिंमत होत नाही.