गोल टेबलाची उजवी बाजू

कोरोना सरला, पण अक्रा शहरातल्या त्या विमा कंपनीतली माणसं काही ऑफिसला परतेनात. शेवटी ओफोसू साहेबांनी निर्वाणीचा इशारा दिला, "शुक्रवारी येऊन बघतो. मजला ओस दिसला तर सोडून देऊ. करा सगळे घरून काम!"

ऑफिसची व्यवस्था जीफाकडे. घरी एकच खोली, त्यात शिलाई मशीन खडखडवणारी सासू आणि दोन जुळी कार्टी. तिथे कसलं डोंबलाचं काम होणार! म्हणून तर तिने हौसेने मजल्याचा कायापालट केला होता. कोंदट खुराडी काढून मधोमध भलंमोठं गोल टेबल, भोवती कुंड्या, आणि वारा खेळावा म्हणून समोरासमोर दोन दारं.

सोमवारी तिच्या आग्रहाखातर माणसं आली आणि दारातच खोळंबली. आलेल्याने बसलेल्यांशी उजवीकडून ओळीने हात मिळवायचा, ही तिथली लहानपणापासूनची शिस्त. पण दोन दारांच्या गोलाला उजवं टोक कुठलं? जो तो आपापल्या दारातून सुरू करी. ऑफिसातल्या सर्वांत ज्येष्ठ आंटी आग्नेस यांचा नंबर तीनदा शेवटी लागला.

"मला शेवटी? मी काय इथली कुंडी आहे?" त्या कडाडल्या. मंगळवारी त्या आल्याच नाहीत, आणि त्यांच्यामागून निम्मा विभाग गेला.

"गोल टेबल म्हणे! अक्रात!" जीफाने कपाळावर हात मारला. तिने सुतार बोलावून टेबलाचा तुकडाच कापला. दाराकडे तोंड केलेली चंद्रकोर झाली. दुसरं दार फक्त जाण्यासाठी. मग फोन केला, "आंटी, उजवं टोक तुमचं. या ना!"

"बघते," आंटी म्हणाल्या, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. बाकीचेही आले.

शुक्रवारी साहेबांनी भरलेल्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "एक दिवस आले म्हणून काय! हेच काम घरूनही होतं," असं पुटपुटत ते कुणाशीही हात न मिळवता केबिनकडे निघाले.

"साहेब, आम्ही दिसतोय ना?" आंटींनी टोला हाणला.

साहेब ओशाळून मागे फिरले आणि उजवीकडून सुरू झाले. कारकून कोकूपाशी थांबले. "आई काय म्हणते रे?"

"गेली, साहेब. मार्चमध्ये."

"अरे, रोज तर तुझे मेल येत होते!"

"मेलमध्ये कुठे लिहिणार?"

साहेबांनी त्याचा हात कितीतरी वेळ सोडला नाही. जीफाचे डोळे भरून आले. शेवटी ते तिच्यापाशी पोचले.

"मजला राहू दे," ते म्हणाले. "आणि माझी केबिन काढून टाक. मला इथेच बसव, उजवीकडून दुसरा. पहिली जागा मागायची माझी छाती नाही."